आपलं पोट वेगळं, माऊचं पोट वेगळं

गेल्या पावसाळ्यात आमच्या जिन्याखाली एक पिल्लू सापडलं. सात-आठ आठवड्यांचं असावं, वजन जेमतेम 620 ग्रॅम. घरी आणलं, पुसलं, चादरीत गुंडाळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूच्या टबात पिवळी, पातळ, आंबूस वासाची शी. दुपारपर्यंत सल्ले गोळा झाले. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, दहीभात दे, पोट बांधेल. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, एक दिवस काहीच देऊ नकोस, लंघन हे खरं औषध. दूधवाले मामा म्हणाले, दूध पाणी घालून पाज. सगळ्यांच्या बोलण्यात त्या जिवाबद्दल माया होती. पण प्रत्येक सल्ला माणसाच्या पोटावरून घेतलेला होता, आणि मांजराचं पोट माणसासारखं चालत नाही. पिल्लांचे हाल बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात, म्हणून एकेक समजूत तपासून पाहू.

गैरसमज : मांजराच्या पिल्लाला दूध हवंच

ही समजूत आपल्या भाषेतच मुरलेली आहे. डोळे मिटून दूध पिणारी मांजर आणि शिंकं तुटायची वाट बघणारा बोका आपण लहानपणापासून ऐकत आलो. मांजराला दूध आवडतं हे खरंच आहे. प्रश्न पचण्याचा आहे.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. पिल्लू आईला पितं तोवर ते भरपूर असतं, आणि दूध सुटायला लागलं की ते ओसरतं. न फुटलेली साखर आतड्यात पाणी ओढून धरते, पुढे जंतू ती आंबवतात, वायू धरतो, पोट गुडगुडतं आणि शी पाण्यासारखी होते. त्यात जुलाबाने आतड्याचं आतलं अस्तर आधीच सोललेलं असेल तर उरलंसुरलं लॅक्टेजही त्याच अस्तराबरोबर गेलेलं असतं. म्हणजे एरवी चमचाभर दूध सोसणारं पिल्लूही आजारपणात ते सोसत नाही. दुधात पाणी घातलं तर लॅक्टोज कमी होतं, पण पोषणही तितकंच पातळ होतं.

डोळे नुकते उघडलेल्या, चार आठवड्यांच्या आतल्या अनाथ पिल्लाची गोष्ट निराळी. त्याला दूधच लागतं, पण मांजरीचं. गाईच्या दुधात प्रथिनं साधारण सव्वातीन टक्के असतात, मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीहून जास्त. अशा पिल्लासाठी मांजराच्या पिल्लांची दूधपावडर मिळते. प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात ती मागावी आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवावी.

दुधाबद्दलची एक गोष्ट मी वाचली तेव्हापासून विसरू शकलेलो नाही. 1975 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की दुधातल्या केसीन या प्रथिनावरच वाढवलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा झिजत जातो. कारण होतं टॉरिन. मांसात आणि माशांत असलेलं हे द्रव्य मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही. पुढे 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पियॉन यांनी याच टॉरिनच्या कमतरतेचा संबंध मांजरांच्या हृदयविकाराशी जोडला, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यातलं टॉरिन वाढवलं गेलं. दूधपोळीवर वर्षानुवर्षं ठेवलेल्या मांजराची नजर आणि हृदय का धोक्यात येतं, हे यावरून कळावं.

दूध सुटलेल्या पिल्लाला प्यायला स्वच्छ पाणी द्या. पसरट ताटलीत, खाण्यापासून आणि वाळूच्या टबापासून लांब ठेवलेलं.

गैरसमज : दहीभाताने पोट बांधतं

आपलं बांधतं, हे मान्य. दह्यात विरजणाच्या जंतूंनी थोडं लॅक्टोज खाल्लेलं असतं, पण बरंच शिल्लक राहतं. आणि भाताचं काय? आपल्या लाळेतच पिष्ट पचवणारं विकर असतं. घास चावता चावता भात गोड लागतो तो त्यामुळे. मांजराच्या लाळेत ते नाही, स्वादुपिंडातही ते बेताचंच. मांजराला गोड चवही कळत नाही. ती चव ओळखणारं जनुक मांजरवर्गात निकामी झालेलं आहे, हे 2005 मध्ये सिद्ध झालं. निसर्गाने हा प्राणी मांसावर जगायला घडवला आहे. चिमूटभर मऊ भाताने पिल्लू मरणार नाही, पण भाताने पोट भरलं की मांसाला जागा उरत नाही. वाढीच्या वयात आणि त्यातही आजारपणात, पोट भरलेलं पिल्लू उपाशी राहतं.

मग द्यायचं काय? पोट नाजूक झालेलं असताना दोन-तीन दिवस उकडलेली कोंबडी चालते. छातीचा तुकडा घ्यावा, कातडी आणि हाडं काढावीत, नुसत्या पाण्यात उकडावा. मीठ नको, हळद नको, तेल नको. आणि कांदा-लसूण अजिबात नको. आपल्या स्वयंपाकघरात हे दोन जिन्नस इतके सवयीचे आहेत, की रश्श्यातली फोड धुऊन दिली तर काय बिघडलं, असं वाटतं. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवून, वाळवून किंवा पूड करून ती जात नाहीत. म्हणून सूपची पाकिटं आणि चौकोनी वड्याही बाद.

उकडलेल्या मांसाचे बारीक धागे करावेत. कोमट असताना द्यावेत, कारण मांजर आधी वासावर जेवतं आणि फ्रिजमधल्या गार तुकड्याला वास नसतो. एका वेळी चहाचे एक-दोन चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा. उकडलेलं पाणी फेकू नये. तेच कोमट करून वर घातलं तर तेवढं पाणी पोटात जातं.

पण हे फार दिवस चालवायचं नाही. माझ्या ओळखीत कितीतरी जण प्रेमापोटी महिनोन्‌महिने नुसती कोंबडी देतात. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. वाढत्या पिल्लाचं शरीर मग ते हाडांमधून काढून घेतं. काही आठवड्यांत पिल्लू लंगडतं, उडी मारायला घाबरतं, साध्या पडण्याने हाड मोडतं. शी घट्ट व्हायला लागली की पिल्लांसाठीचं परिपूर्ण तयार खाणं थोडं थोडं मिसळायला सुरुवात करावी, शक्यतो ओलं. आधी चौथा हिस्सा, दोन-तीन दिवसांनी निम्मं, मग पाऊण. हा बदल आठवडा-दहा दिवस चालू द्यावा.

गैरसमज : एक दिवस लंघन केलं की पोट आपोआप ताळ्यावर येतं

आजोबांचा हा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो ऐकायला सगळ्यात शहाणपणाचा आहे. उपास पडला की आपलं शरीर प्रथिनं जाळणं आवरतं घेतं. मांजराच्या यकृताला हा आवर फारसा जमत नाही. खाणं येवो न येवो, ते प्रथिनं फोडतच राहतं. खाणं आलं नाही तर ती स्नायूंमधून काढली जातात. त्यातून सहाशे ग्रॅमच्या पिल्लाकडे साखरेचा साठा असा कितीसा असणार? काही तासांत रक्तातली साखर उतरते, पिल्लू गार आणि लुळं पडतं.

जुलाब होत असतानाही पिल्लाला खायला द्यायचं. थोडं, हलकं, पुन्हा पुन्हा. तेच अन्न आतड्याचं अस्तर परत उभं करतं. पिल्लाने बारा तास तोंडच लावलं नाही, तर वाट न बघता डॉक्टर गाठावा. जबरदस्तीने सिरिंजने घशात सोडू नये, ते फुफ्फुसात जाऊ शकतं. पिल्लू गार, मलूल झालं असेल तर त्या अवस्थेत भरवायचंच नाही. आधी ऊब द्यायची: टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवून. हिरड्यांवर बोटाने थोडं साखरपाणी चोळायचं आणि तसंच दवाखान्याकडे निघायचं.

गैरसमज : हे खाणं मानवलं नाही, दुसरं आणू

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या चार दिवसांत मी तीन पाकिटं बदलली. एकाने शी पातळ झाली म्हणून दुसरं आणलं, दुसऱ्याने थांबली नाही म्हणून तिसरं. प्रत्येक वेळी आतड्यातले जंतू नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला लागले, की मी ते अन्नच काढून घेत होतो. चौथ्या दिवशी पिल्लू 590 ग्रॅमवर आलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, की ते आधी काय खात होतं. ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी शोधलंही नव्हतं. खाली विचारल्यावर कळलं, की वॉचमनदादा त्याला रोज उकडलेल्या कोंबडीचे तुकडे टाकत होते.

नवं घर, आईची ताटातूट, अनोळखी माणसं, कुकरच्या शिट्ट्या. एवढ्या ताणानेही पिल्लाचं पोट बिघडतं. अशा वेळी निदान खाणं तरी ओळखीचं राहू द्यावं. जिथून पिल्लू आणाल तिथे ते काय, किती आणि कधी खातं हे विचारून घ्या आणि पहिला आठवडा तेच चालू ठेवा.

गैरसमज : जंताचं औषध एकदा पाजलं की झालं

गोलकृमी आईच्या दुधातूनच पिल्लात येतात. रस्त्यावर जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक पिल्लाच्या पोटात ते असतील असं धरूनच चालावं. औषधाने आतड्यातले जंत मरतात, पण शरीरात इतरत्र वाढत असलेल्या अळ्या मागाहून आतड्यात उतरतात. म्हणून पिल्लाला वजनाप्रमाणे दर दोन आठवड्यांनी औषध द्यावं लागतं. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे. तो पिसवांमधून येतो, तेव्हा पिसवांचा बंदोबस्त केल्याशिवाय तो पुन्हा येणार.

आणि सगळेच परजीवी या औषधाने जात नाहीत. कॉक्सिडिया आणि जिआर्डिया यांचे जुलाब आठवडे चालतात, खाणं कितीही सांभाळलं तरी थांबत नाहीत. त्यांची औषधं वेगळी. म्हणून दवाखान्यात जाताना त्या दिवशीची ताजी शी छोट्या डबीत बरोबर न्यावी. मी नेली, कॉक्सिडिया निघाले, आणि मग कुठे माझ्या उकडलेल्या कोंबडीला यश आलं.

गैरसमज : आपलीच गोळी, पाव तुकडा

नाही. पॅरासिटामॉलचा छोटा तुकडाही मांजराचा जीव घेऊ शकतो. त्याचा निचरा करणारी यकृताची यंत्रणा मांजरात फारच दुबळी असते. आपल्या जुलाबाच्या गोळ्या आणि घरात उरलेली अँटिबायोटिक्सही नकोत. साध्या जुलाबात अँटिबायोटिक बहुतेक वेळा लागतच नाही, उलट आतड्यातले चांगले जंतू मारून ते बरं होणं लांबवतं. पिल्लाला चालणारं प्रोबायोटिक मिळतं, ते डॉक्टरांना विचारून द्यावं.

गैरसमज : मांजराला मासे कसेही चालतात

सुकट आणि सुका बोंबील यांत बरंच मीठ असू शकतं. काही कच्च्या माशांमध्ये ब जीवनसत्त्वांपैकी थायमिन नष्ट करणारं विकर असतं. बरं झाल्यावर उकडलेल्या, काटे काढलेल्या माशाचा एखादा घास कधीतरी द्यावा. आजारपणात मासे नकोत.

गैरसमज : खेळतंय ना, मग काही नाही

शी पातळ आहे, पण पिल्लू खातंय, पळतंय, वजन टिकून आहे, तर एखादा दिवस घरी सांभाळायला हरकत नाही. मात्र उलट्या, ताप, रक्त, काळी शी, किंवा कोपऱ्यात आखडून बसणं, यांपैकी एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. हिरड्यांना बोट लावून बघावं. त्या ओलसर, गुलाबी हव्यात. चिकट किंवा फिक्या असतील तर अंगातलं पाणी गेलेलं आहे, आणि ते ताटलीतल्या पाण्याने भरून येत नाही, कातडीखाली किंवा शिरेतून सलाइन द्यावं लागतं.

या लक्षणांमागे पॅनल्यूकोपेनिया असू शकतो. हा पार्व्हो जातीच्या विषाणूचा आजार आतडी आणि पांढऱ्या पेशी एकदमच उद्ध्वस्त करतो. उपचारांवाचून फार थोडी पिल्लं त्यातून वाचतात. विषाणू घरात अनेक महिने टिकून राहतो. त्यापासून संरक्षण लसच देते. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून ती दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत टोचायची असते.

जिन्याखालचं ते पिल्लू, म्हणजे आमची चिंगी, दहाव्या दिवशी 700 ग्रॅम भरली. निरोगी पिल्लू आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढतं, आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा हे डोळ्यांच्या कितीतरी आधी सांगतो. पिल्लू घरी आणलंत तर पहिल्याच दिवशी त्याचं वजन कॅलेंडरवर लिहा, रोज त्याच वेळी पुन्हा करा, आणि दोन दिवस आकडा खाली गेला तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.