मुरगळलेला पाय आणि डोंगरातली शर्यत

पेडण्याच्या सड्यावर किंवा डिचोलीच्या काजूच्या डोंगरात पावसाळा सरल्यावर ज्याने पाऊल टाकले आहे, त्याला घोटा कसा मुरगळतो हे सांगायला नको. वर गुडघाभर गवत, खाली चिऱ्याचा खडबडीत दगड आणि त्यात नेमके पाऊल अडकेल एवढी खळगी. शेतात ओल्या मेरेवरून घसरले तरी तेच. पाय सुजतो, घरात आंबेहळद उगाळून लावतात, आठ-दहा दिवसांनी सूज उतरते आणि पाय बरा झाला असे आपण धरून चालतो. तिथेच चूक होते.

आज हा विषय घेतला तो ओरिएंटिअरिंग या खेळाच्या निमित्ताने. स्काउटच्या किंवा एन.सी.सी.च्या शिबिरात ज्या मुलांनी नकाशा आणि होकायंत्र हाताळले आहे, त्यांना हा खेळ चटकन समजेल. सुरुवातीला हातात नकाशा मिळतो. त्यावर दाखवलेल्या जागा ठरलेल्या क्रमाने गाठायच्या. प्रत्येक ठिकाणी नारिंगी-पांढरे निशाण लावलेले असते. वाट ज्याची त्याने शोधायची. सगळ्यांत कमी वेळात जो सर्व निशाणे गाठून येईल तो जिंकला. मेजर अर्न्स्ट किलांडर या स्वीडिश अधिकाऱ्याने १९१९ साली स्टॉकहोमजवळ अशी मोठी स्पर्धा भरवली आणि तिथून हा खेळ पसरत गेला. आपल्या सर्वेक्षण खात्याच्या नेहमीच्या नकाशात १ सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. या खेळाच्या नकाशात १ सेंटीमीटर म्हणजे १५० किंवा १०० मीटर. त्यामुळे एखादा मोठा खडक, लहानसा व्हाळ, पायवाटेचा फाटादेखील त्यात दिसतो.

या खेळात सर्वांत जास्त दुखावतो तो घोटा. कारण उघड आहे. धावणाऱ्याचे डोळे नकाशावर असतात आणि पाय जमिनीच्या हवाली.

घोटा मुरगळतो तेव्हा बाहेरच्या बाजूचे स्नायुबंध ताणले किंवा फाटले जातात. पण तेवढेच होत नाही. पाऊल तिरके पडते आहे ही जाणीव सांध्याकडून मेंदूला पोचावी लागते, तेव्हाच पाय स्वतःला सावरतो. ही जाणीव मंदावते. १९६५ साली फ्रीमन या ब्रिटिश अस्थितज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह हे मांडले आणि डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवला. सूज गेली, दुखणे गेले, तरी ही जाणीव आपोआप परत येत नाही. म्हणूनच एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो.

दुखापतीच्या वेळचे थोडक्यात सांगतो. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबून दुखत असेल, तर पेडणे किंवा डिचोलीच्या सरकारी दवाखान्यात दाखवून एक्स-रे काढावा. त्याआधी पाय ओढून किंवा रगडून घेऊ नये. पूर्ण विश्रांती आणि बर्फ हा सल्ला आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. तो १९७८ साली लोकप्रिय करणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढे आपले मत बदलले. मोडलेले नसेल तर दोन-तीन दिवसांनंतर सोसेल तेवढी हालचाल सुरू करावी, असे आता सांगतात.

आता सरावाचे. मुलगा म्हणतो, "जानेवारीत स्पर्धा आहे, तोवर तयार व्हायचे." तारीख डोळ्यांसमोर असू द्यावी, पण पुढच्या टप्प्याला कधी जायचे हे कॅलेंडरवरून ठरवू नये. पायाला काय जमते ते पाहून ठरवावे. सपाट रस्त्यावर अर्धा तास न लंगडता चालता आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज नसली, की पहिला टप्पा झाला. मग बाल्कांवच्या पायरीवर एका पायावर उभे राहून टाच वर उचलायची; धड पायाला वीस-पंचवीस वेळा जमत असेल तर दुखऱ्यालाही तितके जमले पाहिजे. त्याबरोबर एका पायावर अर्धा मिनिट तोल सांभाळणे. हे साधले की हातात नकाशा घेऊन, त्यावरच्या खुणा वाचत, तसेच उभे राहावे. हा प्रकार बघणाऱ्याला हसू येईल असा आहे खरा, पण शर्यतीत नेमके हेच करायचे असते.

धावणे त्यानंतर. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे दहा वेळा, एक दिवसाआड, सपाट रस्त्यावर. पुढे अंतर, चढ, खडबडीत जमीन आणि वेग यांपैकी एका वेळी एकच वाढवावे. सड्यावरची उतरण सर्वांत शेवटी. सकाळी उठल्यावर घोटा आखडलेला किंवा सुजलेला वाटला, तर एक टप्पा मागे यावे.

धावणे बंद असले तरी मोठे काम करून घेता येते. समजा, एखाद्याने पाच किलोमीटरची शर्यत पंचावन्न मिनिटांत संपवली आणि त्यातली नऊ मिनिटे वाट चुकून निशाण शोधण्यात गेली. ही नऊ मिनिटे पायांची नव्हेत, नकाशा वाचण्याची. चालत सराव करूनही ती कमी होऊ शकतात. म्हणून बरे होण्याच्या काळात "किती वेगाने" असे उद्दिष्ट न ठेवता "किती चुका" असे ठेवावे. ओळखीच्या भाटात, मालकाला विचारून, सहा जागा ठरवाव्यात आणि चालत गाठाव्यात. कुठे चुकलो, किती मिनिटे गेली, हे वहीत लिहावे. जुन्या चिरेखाणी आधी नकाशावर खुणावून त्यांच्यापासून लांब राहावे. पाण्याने भरलेल्या खाणीची खोली वरून कळत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. अंतर पावलांनी मोजण्याची या खेळात सवय असते. दुखण्यानंतर पाऊल आखूड पडते, त्यामुळे जुना हिशेब चुकतो. शंभर मीटर दोरीने मापून घ्यावेत आणि पावले नव्याने मोजावीत, सपाटीवर वेगळी आणि चढावर वेगळी.

आपल्या घरांत अडचण येते ती कामाची. भातकापणीचा दिवस, काजू वेचण्याची सकाळ, खताचे पोते डोक्यावर घेऊन मेरेवरून केलेल्या खेपा, हे सगळे त्या घोट्यावरच पडते. दिवसभर कापणी करून आलेल्या मुलाला संध्याकाळी धावायला सोडू नये. तो दिवस सरावाचाच धरावा. वडीलधाऱ्यांनीही "चालतो आहे म्हणजे बरा आहे" असे समजून त्याच्यावर पोती लादू नयेत.

पहिल्या स्पर्धेत आपल्या नेहमीच्या वर्गापेक्षा आखूड मार्ग निवडावा. घोट्याचा पट्टा पहिले वर्षभर खेळताना बांधावा, आणि पावसात मेरेवर उतरतानाही.