दूरचा वैद्य आणि पक्षाघाताचा रोगी

सकाळीं चहाचा पेला वडील माणसाच्या हातांतून गळून पडावा, तोंड एका बाजूस वांकडें व्हावें, शब्द अडखळावे. आणि घरच्यांनीं तेल चोळून ‘थोडें पडूं द्या’ म्हणून त्यांना निजवावें, हा प्रकार पुष्कळांच्या पाहण्यांतला असेल. पक्षाघातांत ही विश्रांतीच घातक ठरते. बहुतेक वेळां मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनें बुजलेली असते आणि रक्तावांचून पेशी मरत जातात. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा गुण १९९५ सालीं अमेरिकेंतील प्रयोगानें सिद्ध झाला. पण तें औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. शिवाय कांहींना पक्षाघात होतो तो रक्तवाहिनी फुटून. त्यांस हेंच औषध दिलें तर प्राणावरच बेतावयाचें! हा भेद नुसत्या लक्षणांवरून कळत नाहीं, त्यासाठीं सी. टी. स्कॅन हवा आणि तो पाहून निर्णय देणारा मेंदूविकारांचा जाणता वैद्यहि हवा. असा वैद्य लहान गांवीं असावयाचा कोठून?

ही अडचण गरीब देशांचीच आहे असें नाहीं. जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत २००३ सालीं म्यूनिक व रेगेन्सबुर्ग येथील दोन केंद्रांनीं बारा लहान रुग्णालयें दूरचित्रानें स्वतःशीं जोडून घेतलीं. रोगी आला कीं त्याच्या मेंदूचें चित्र केंद्राकडे जातें. तज्ज्ञ पडद्यावरून त्याला दोन्ही हात उचलून धरावयास सांगतो, एखाद्या वस्तूचें नांव विचारतो, डोळे डावीउजवीकडे फिरवावयास लावतो. पायाला टोंचणी समजते कीं नाहीं, हें मात्र पडद्यांतून चांचपतां येत नाहीं. तें खाटेपाशीं उभा असलेला डॉक्टर पाहून सांगतो, आणि औषधाची सुई टोंचावयाची तीहि त्यानेंच.

या योजनेंतील पांच रुग्णालयांची तुलना योजनेबाहेरच्या तशाच पांचांशीं करण्यांत आली. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, तीन महिन्यांनंतर मृत्यु, शुश्रूषागृहांतील वास किंवा तीव्र अपंगत्व हें योजनेंतील शेंकडा ४४, तर बाहेरच्या शेंकडा ५४ रोग्यांच्या वांट्यास आलें. याचें सारें श्रेय पडद्याला देणें मात्र उतावीळपणाचें होईल. तेथें पक्षाघाताचे स्वतंत्र कक्ष उघडले होते, डॉक्टरांना व परिचारिकांना नवें शिक्षण दिलें होतें. यंत्र बसविलें आणि माणसें होतीं तशींच ठेवलीं, तर दूरचा तज्ज्ञ नुसता प्रेक्षक!

कांहीं गुठळ्या इतक्या मोठ्या असतात कीं औषधाला दाद देत नाहींत. जांघेच्या धमनींतून बारीक नळी घालून त्या ओढून काढाव्या लागतात. येथें पडद्याचें कांहीं चालत नाहीं. म्हणून २०१८ सालापासून म्यूनिकचे तज्ज्ञ अशा वेळीं हेलिकॉप्टरनें लहान रुग्णालयांत जाऊं लागले. रोग्यास शहरांत नेण्याच्या रीतीहून यांत उपचार सुमारें दीड तास आधीं सुरू होतो, असें २०२२ सालच्या अहवालांत आढळलें. रोग्यांच्या पुढील प्रकृतींत मात्र निश्चित फरक त्या वेळीं सिद्ध झाला नाहीं.