पाळण्याआधी लाँच

चैत्रात आगरी-कोळी गावांच्या जत्रा भरल्या की मैदानात आकाशपाळणा उभा राहतो आणि शाळांना सुट्टी लागली की खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला जायचे बेत ठरतात. मोठी मुलं नाचत निघतात. पाच-सहा वर्षांचं एखादं पोर मात्र पाळण्याजवळ आलं की बाबाचा हात घट्ट धरून पाय रोवतं. आपण म्हणतो, "काही होत नाही, बस!" पण काहीतरी होतंच, आणि ते त्याला कळत असतं. त्यापेक्षा काय होणार ते नीट सांगावं.

पाळणा वरून झपकन खाली येतो तेव्हा बाक आणि आपण एकाच वेळी खाली जातो. बाकाचा अंगावरचा दाब क्षणभर कमी होतो, पोटातले अवयवही हलके होतात. पोटात गोळा येतो तो यामुळे. कानाच्या आत तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. डोळे मिटले की कान सांगतो हललो आणि डोळे काहीच सांगत नाहीत, म्हणून काहींना जास्त गरगरतं. मुलाला एवढंच सांगा, "पोटात गुदगुल्या होतील आणि लगेच थांबतील. डोळे उघडे ठेव, लांब बघ."

भीती घालवण्याची जी रीत आज बालमानसतज्ज्ञ वापरतात, तिचा एक जुना दाखला 1924 चा आहे. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचा खाऊ दिला आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा दूरवर आणून ठेवला. मग हळूहळू जवळ. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. घाई केली असती तर खाऊचीही भीती बसली असती.

अशा हळूहळू सवयीची पहिली पायरी उरणच्या घरांना दारातच मिळते, ती म्हणजे मोरा बंदराहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू आणि उरणची लोकल या दोन्हींचं उद्घाटन झालं आणि मुंबईला जायचे सोपे रस्ते मिळाले. तरी भित्र्या मुलासाठी मी लाँचच सुचवेन. पावसाळा सोडून शांत हवेचा दिवस निवडा. मोऱ्याला ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच बंद राहतात, म्हणून भरतीची वेळ आधी विचारून ठेवा; धक्क्यावर ताटकळलेलं मूल आधीच कंटाळलेलं असतं. पहिल्या फेरीला लाँचच्या मधोमध बसा, तिथे हेलकावा सगळ्यांत कमी. पुढच्या वेळी त्याने म्हटलं तर नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे सरका, तिथे लाट जास्त जाणवते. हीच गोष्ट जत्रेतल्या कोलंबस होडीची आहे: मधल्या बाकांना झोका लहान, टोकाच्या बाकांना मोठा. लाँचवर हे अंगाला कळलं की मूल होडीतली जागा स्वतःच निवडतं.

आता आकाशपाळणा. मुलाला सर्वांत जास्त धास्ती कशाची वाटते? पाळणा वर गेल्यावर मध्येच थांबतो त्याची. बिघडला, आता आपण इथेच राहणार, असं त्याच्या मनात येतं. म्हणून आधी पाळण्याखाली उभं राहून दाखवा: खालच्या बाकातले लोक उतरतात, नवे चढतात, तेवढा वेळ चाक थांबतं आणि वरचे लोक वर राहतात. दोन-तीन वेळा ते थांबणं मोजून घ्या. बाक वरच्या दांड्याला टांगलेलं असतं, म्हणून चाक कितीही फिरलं तरी ते सरळच राहतं, हेही बोट दाखवून सांगा. ओरडणाऱ्यांकडे बघून मूल समजतं की त्यांना दुखतंय. त्याला उतरणाऱ्यांचे चेहरे बघू द्या, बहुतेक हसत असतात.

इमॅजिका 2013 मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर सुरू झालं. तिथे नायट्रोसारखे मोठे रोलर कोस्टर आहेत. ते लहानांसाठी नाहीत, पण लांबून बघताना समजावून सांगण्यासारखं बरंच आहे. चढावर जो टकटक आवाज येतो, तो गाडीला मागे घसरू न देणाऱ्या खटक्याचा असतो. डबे रुळाला वरून, बाजूने आणि खालून असे तीन बाजूंनी चाकांनी धरलेले असतात. उंची मोजूनच आत सोडतात, कारण अंगावरचा दांडा ठरावीक मापाच्या शरीरालाच नीट धरतो. म्हणून घरीच भिंतीला उभं करून उंची मोजा आणि कोणत्या राइडला ती पुरते ते आधी पाहून ठेवा. रांगेत तासभर तयारी करून ऐनवेळी परत यायला लागलं की मूल हिरमुसतं. आवाजाला घाबरणाऱ्या मुलाला कानावर हात ठेवू द्या किंवा कान झाकायला इअरमफ द्या. जड जेवण नंतर.

सकाळी गर्दी कमी असते, तेव्हाच पहिली छोटी राइड घ्या, आणि ती त्याने निवडलेली असावी. मध्ये उतरता येत नाही, हे खरं सांगा. खोटं सांगून बसवलेलं मूल पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. किती वेळ लागतो ते बाहेरून दोघांनी मोजून ठेवा म्हणजे बसल्यावर आकडे म्हणता येतात. श्वास हळू सोडायला सांगा. भीती चढते, टिकते आणि ओसरते. ओसरण्याआधीच पळून गेलं तर मूल शिकतं की पळाल्यामुळे वाचलो. म्हणून पायरी इतकी लहान हवी की ती ओसरेपर्यंत ते बसू शकेल, आणि मग तीच राइड लगेच पुन्हा. तिसऱ्या फेरीला बऱ्याचदा मूलच हात सोडून देतं.

"तो बघ, तुझ्याहून लहान आहे," हे मात्र बोलू नका. नको म्हटलं तर बाहेर बसून आइसक्रीम खाऊ द्या, बाकीच्यांना हात हलवू द्या. पार्कबाहेरही, म्हणजे झोपेत, शाळेत, पाहुण्यांसमोर, अशीच भीती आठवडेच्या आठवडे राहत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एरवी रात्री घरी आल्यावर आजीला दिवसाची हकीकत त्यालाच सांगू द्या, मध्ये कुणी दुरुस्त करू नका, आणि पुढच्या वेळी कुठल्या बाकावर बसायचं ते त्याला विचारून ठेवा.