वाट कोणी द्यायची, राम राम कोणी घालायचा

मित्रहो, आजचा विषय छोटा वाटेल. सायकलवरून जाताना समोरून दुसरा सायकलवाला आला, तर त्याला राम राम घालायचा की नाही? तत्त्वज्ञानाच्या माणसाने यावर काय बोलायचं, असं तुमच्या मनात आलंच असेल. पण जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांकडे बघून मला हा प्रश्न नीतिशास्त्राच्या गाभ्यातला वाटायला लागला आहे.

आधी रस्ता बघू. मंचरहून घोडेगाव, डिंभे, तळेघर करत भीमाशंकरला जाणारा घ्या, किंवा जुन्नरहून आपटाळे, घाटघरकडून नाणेघाटाला जाणारा. सायकलींसाठी वेगळी पट्टी वगैरे काही नाही. रविवारी सकाळी पुण्याकडचे सायकलस्वार येतात. हेल्मेट, काळा चष्मा, गिअरची सायकल. त्याच रस्त्यावर जुन्या सायकलच्या कॅरिअरला दुधाची किटली बांधलेले आजोबा असतात, शेळ्या हाकत निघालेली बाई असते, हंगामात उसाची ट्रॉली असते. आता बघा काय होतं. दोन हेल्मेटवाले समोरासमोर आले की हात वर होतो, कोणी अंगठा दाखवतो. छान वाटतं. आणि किटलीवाले आजोबा समोरून आले की? नजर सरळ पुढे. सायकल तर दोघांचीही आहे!

मॅलिनॉव्स्की नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते. त्यांनी 1923 साली एक मुद्दा मांडला: माणसं पुष्कळदा काही सांगण्यासाठी बोलतच नाहीत, संबंध जुळवण्यासाठी बोलतात. आपलं ‘काय, कुठं निघाला?’ हे तसंच. उत्तर कोणाला हवं असतं? ‘हे काय, इथंच’ एवढ्यावर भागतं. मोटारीत काच आड येते. सायकलवर तोंड उघडं असतं, वेग बेताचा असतो, शब्द ऐकू जातो. म्हणजे न बोलता जाणं हीसुद्धा तिथे एक कृतीच होते. तुम्ही मला पाहिलंत आणि मी मोजण्यासारखा नाही असं ठरवलंत, असा तिचा अर्थ समोरचा लावू शकतो.

यामागे आणखी जुना प्रश्न आहे. अरुंद वाटेवर दोघे समोरासमोर आले, तर बाजूला कोणी व्हायचं? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात याची यादीच दिली आहे. गाडीत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, आजारी, ओझं घेतलेला, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव यांना वाट द्यावी. यादी नीट वाचा. आजारी, म्हातारा, ओझंवाला, ही गरज झाली. राजा आणि स्नातक, हा दर्जा झाला. दोन वेगळी तत्त्वं एकाच ओळीत बसवली आहेत. आणि पुढचाच श्लोक म्हणतो की हे सगळे एकदम भेटले, तर मान राजा आणि स्नातकाचा, आणि त्या दोघांतही स्नातकाचा. म्हणजे गर्दी झाली की ओझंवाला मागे! माझ्या मते आपल्या समाजाची निम्मी कहाणी या दोन श्लोकांच्या मधल्या जागेत आहे.

शंकराचार्यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. काशीच्या वाटेवर चांडाळ समोर आला, आचार्य म्हणाले, बाजूला हो. त्याने विचारलं, कोण बाजूला होऊ? देहापासून देह, की चैतन्यापासून चैतन्य? परंपरा सांगते की तो साक्षात शंकर होता. मला हे जरा खटकतं. तो नुसता माणूस असता, तरी प्रश्न तेवढाच बरोबर होता. ज्ञानेश्वरांच्या रेड्याची कथाही याच घरातली. पैठणला वेद बोलला म्हणतात त्या रेड्याची समाधी आपल्या जुन्नर तालुक्यातच, आळ्याला आहे.

वाटेसारखंच अभिवादनाचं. जुन्या गावगाड्यात कोणी कोणाला काय म्हणायचं हे जातीवर ठरलेलं होतं. महारांनी ‘जोहार’ म्हणायचं, ते वाकून, आणि उत्तर मिळेलच असं नाही. म्हणून ‘जय भीम’ हा नुसता नवा शब्द नव्हता. तो रुजवण्याचं श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिलं जातं. त्याला उत्तरही ‘जय भीम’च येतं. दोन्हीकडून तोच शब्द, हीच त्यातली क्रांती. वारीत याचं दुसरं रूप दिसतं. तिथे समोरचा तुमच्या पाया पडतो, तो उठायच्या आत तुम्ही त्याच्या पाया पडता, आणि दोघेही माऊली. आधी कोण वाकलं याचा हिशेब राहत नाही.

सायकलच्या वाटेवर मला हे दुसरं तत्त्व हवं आहे, आणि वाट द्यायची ती मनूच्या यादीतल्या पहिल्या तत्त्वाने. म्हणजे गरजेने. आपल्या वाहतूक नियमांतही अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने आधी वाट द्यावी असं आहे. सायकलला तर हे दुप्पट लागू. चढणाऱ्याचा दम गेलेला असतो, थांबला तर पुन्हा पाय मारणं कठीण. म्हणून उतरणाऱ्याने वेग आवरावा आणि राम रामही त्यानेच आधी घालावा. घंटी लांबून एकदा वाजवावी. अगदी पाठीशी जाऊन कर्रकन वाजवली की ती सूचना राहत नाही, हुकूम होते. बैलांच्या जवळ तर वाजवूच नये, बिचकतात. ‘दादा, उजवीकडून येतोय हं’ एवढं तोंडाने सांगितलं की पुरतं. अंधार पडल्यावर बिबट्याच्या या मुलखात माणसाचा आवाज तसाही सगळ्यांना हवाच असतो.

कोणी म्हणेल, हा सगळा वरवरचा शिष्टाचार. कांटने 1798 च्या आपल्या मानवशास्त्रावरच्या ग्रंथात शिष्टाचाराला चिल्लर नाणं म्हटलं आहे. पण चिल्लर टाकून द्या असं तो म्हणत नाही. हे नाणं हातोहात फिरता फिरता खरी भावनाही हळूहळू जागी होते, असं त्याचं म्हणणं.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘आपण हात केला आणि समोरच्याने बघितलंच नाही, तर अपमान वाटतो. मग पुन्हा कशाला करायचा?’ चढावर असेल तर बिचाऱ्याचा हात हँडलवरून सुटत नसेल. हनुवटी हलवली असेल, ती तुम्हाला दिसली नसेल. किटलीवाल्या आजोबांचं मात्र वेगळं आहे. इतकी वर्षं हेल्मेटवाले त्यांच्याकडे न बघता गेलेत. हात आपल्याला केलाय हे त्यांच्या लक्षातच येत नाही. ते मागे वळून बघतात, कोण आलंय म्हणून. पुढच्या रविवारी परत राम राम घाला. डेअरीवर दूध वेळेत पोचवायचं असतं, त्यामुळे ते तुम्हाला साधारण त्याच वळणावर भेटतील.