नाताळची विज्ञानकथा आणि आपला दिवाळी अंक

'डॉक्टर हू' ही १९६३ पासूनची ब्रिटिश विज्ञानमालिका. तिच्या नाताळकथांचं अख्खं पुस्तक २००४ मध्ये निघालं. सणाला गोष्टी वाचायची ही सवय तिकडे डिकन्सच्या काळापासूनची. इंग्रजी मासिकांचे नाताळ अंक पाहूनच का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. म्हणजे फराळासोबतचा अंक नाताळचा चुलतभाऊच!

हे लोण नांगराच्या कारखान्यापर्यंत गेलं. साताऱ्यातल्या औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी वसली, ती आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथून १९२० मध्ये सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर'चं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. त्याचेही दिवाळी अंक निघू लागले.

फरक एकच. दिवाळी अंकात विज्ञानकथा हमखास, पण त्या कथेत दिवाळी क्वचितच. यानात आकाशकंदील कोण लावणार?