काळे ब्लँकेट आणि कोरा कागद

दवाखान्यातल्या खाटेवर ब्लँकेट असते. ते तांबडे असेल, काळे असेल. पण नावाने मात्र ते पांढरेच! हे कसे, ते पाहायला आपल्याला दीड हजार वर्षे मागे, युरोपात जावे लागेल.

रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत पांढऱ्याला दोन शब्द होते. साधा, चकाकी नसलेला पांढरा तो 'आल्बुस' आणि लखलखीत पांढरा तो 'कान्दिदुस'. निवडणुकीला उभा राहणारा रोमन गृहस्थ आपले वस्त्र खडूने पांढरे करून मते मागत फिरे, म्हणून तो 'कॅन्डिडेट'. (आपल्याकडचे उमेदवारही पांढऱ्या कपड्यांत फिरतात, तो योगायोग समजा.)

घरात असे दोन शब्द असताना लॅटिनच्या लेकींनी तिसराच शब्द परक्याकडून उचलला. उत्तरेकडच्या जर्मानिक टोळ्यांच्या बोलीत 'ब्लांक' म्हणजे चकाकणारे. या टोळ्यांतले लोक आधी रोमच्या सैन्यात शिपाई झाले, आणि पाचव्या शतकात पश्चिमेकडचे साम्राज्य कोसळले तेव्हा धनी झाले. त्यांच्याबरोबर हा शब्द आला. पण रंगाचा शब्द का यावा? करड्या आणि तपकिरी रंगाचे फ्रेंच शब्दही याच लोकांकडचे आहेत. ही घोड्यांच्या रंगांची नावे असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. जुन्या इंग्रजीत 'ब्लांका' म्हणजे घोडाच. आपल्याकडे नाही का, अरबीतला 'अबलख' फारसीच्या वाटेने आला आणि घोड्याला चिकटला? तसंच हे.

मग फ्रेंचांचे 'ब्लां' झाले, स्पॅनिशांचे 'ब्लांको', इटालियनांचे 'ब्यांको'. पोर्तुगीजांनी ल चा र करून 'ब्रांकु' म्हटले. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता, तेव्हा शाळेत ती भाषा शिकलेल्यांना हा शब्द ओळखीचा. दूर पूर्वेच्या रुमानियन भाषेत मात्र जुन्या आल्बुसचा 'आल्ब' अजून नांदतो आहे.

१०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढे 'ब्लँक' तिकडे पोचला. न लिहिलेला कागद पांढरा, म्हणून ब्लँक म्हणजे कोरा. आणि न रंगवलेल्या पांढऱ्या लोकरीचे कापड ते ब्लँकेट. पुढे कापड रंगले, नाव तेच राहिले.

एका शिक्षकमित्रांनी मला विचारले, "म्हणजे गायत्री मंत्रातला 'भर्ग' युरोपात गेला, असंच ना?" शिक्षकहो, इथे जपायला हवे. वर्गात सांगितलेले मुले जन्मभर धरून बसतात. भर्ग म्हणजे तेज, आणि तो व ब्लांक एकाच प्राचीन मुळाचे, असे बरेच अभ्यासक मानतात. पण म्हणून भर्ग ही ब्लांकची आई नव्हे, बहीण. नुसता आवाज सारखा वाटला म्हणून हे नाते जोडलेले नाही. संस्कृतात भ तिथे इंग्रजीत ब, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसते. 'भ्रातृ' आणि 'ब्रदर' पाहा. तसेच 'श्वेत' आणि इंग्रजी 'व्हाइट' हेही भाऊबंदच. आणि चकाकीचा पांढरा आपल्याकडेही झाला आहे: 'शुभ्र'चा वेदातला अर्थ झळकणारे असाच.

आणि इंग्रजी 'ब्लॅक'? जे झळकते ते जळते, आणि जळून उरते ते काळे. तोही याच मुळाचा मानतात. तेव्हा खाटेवरचे काळे ब्लँकेट दोन्ही बाजूंनी एकाच घरचे निघाले.