मुंगीलाही तहान लागते

अम्मी विचारतात, ‘आज शाळेत काय शिकलास?’ मूल सांगते, ‘हत्ती-हत्ती खेळलो.’ आणि घरात नाराजी पसरते. फी भरून मुलाला हत्ती व्हायला पाठवले का? हा प्रश्न आम्हा शिक्षकांना दरवर्षी ऐकावा लागतो.

दुसरीच्या वर्गात एकदा आम्ही निळी ओढणी जमिनीवर पसरली आणि म्हटले, ‘हे जंगलातले तळे. उन्हाळा आहे, पाणी कमी आहे.’ वर्गातला धिप्पाड मुलगा हत्ती झाला, दोघे वाघ झाले. तिघांनी तळे अडवले. नेहमी गप्प बसणाऱ्या एका मुलीच्या वाट्याला मुंगी आली होती. ती बराच वेळ कडेला उभी होती. आम्ही मध्ये पडणार, तोच ती म्हणाली, ‘मुंगीलाही तहान लागते!’

वर्ग शांत झाला. मग हत्तीनेच विचारले, ‘आधी कोण पिणार?’ वाद झाला, रांग ठरली, लहानांचा नंबर आधी लागला. रांगेवर लक्ष कोण ठेवणार, तेही मुलांनीच ठरवले. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातील नळाची रांग, ग्रामपंचायत, हक्क आणि जबाबदारी हे शब्द फळ्यावर लिहिले, तेव्हा मुलांना ते परके वाटले नाहीत.

मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की (१८९६-१९३४) यांनी हेच मांडले होते : कल्पनेच्या खेळालाही नियम असतात आणि मूल ते आपखुशीने पाळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिक्षणावर भर आहे.

मात्र प्राण्यांची माहिती खरी द्यावी. मुलांना राजा म्हणून सिंहच हवा असतो. आम्ही सांगितले की, हत्तींच्या कळपाला वाट दाखवते ती वयाने मोठी, अनुभवी हत्तीण. पाणी कुठे मिळेल हे तिला आठवते. लगेच एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे आमच्या घरातल्या दादीजान!’ कुटुंबाचा धडा तिथेच झाला.

पालकांना आमची एकच विनंती आहे. आज काय शिकलास, असे विचारण्याऐवजी विचारा, ‘आज तू कोण झाला होतास? बाकीचे तुझ्याशी कसे वागले? आणि तू त्यांच्याशी?’ मग थोडे थांबा. मुलाला उत्तर शोधायला वेळ लागतो.